दोऱ्यावरचं वजन

काजबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याचं तिसरं बटण कापलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि लेक अंघोळीला गेली होती. कापलं तेही रीतसर, कात्रीच्या टोकाने चार टाके उचलून, कापडाला धक्का न लावता. धडधाकट बटणाचा असा जीव घेताना बाईंना दर वेळी चोरी केल्यासारखं वाटे. पण इलाज नव्हता. मागच्या बागेत कृष्णकमळाच्या वेलावर पाहुणा येऊन बसला होता.

पाहुणा म्हणजे चापडा. हिरवागार, अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब, डोकं तिकोनी. हा साप अंगावर धावून येत नाही, माणूस दिसला म्हणून पळतही नाही. फांदीवर पडून राहतो, फांदीचाच होऊन. फक्त त्याला हात लागता कामा नये. बाईंनी शेजारच्या नर्सबाईंना सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की माणूस जातोच असं नाही, पण बोटं सडलेली मी पाहिली आहेत. ते ऐकल्यापासून बाईंचं चहात लक्ष नव्हतं, कारण त्यांच्या नवऱ्याला बोटांखेरीज दुसरे डोळेच उरले नव्हते.

नवरा शिवणकामाचा मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं दुकान चाललं. मास्तर कापायचे, शिवायचे आणि बाई काजं करायच्या, म्हणून गल्लीने त्यांना काजबाई हे नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. मग मास्तरांना काचबिंदू झाला. आधी सुईचं नेढं दिसेना, मग गिऱ्हाइकाचं तोंड, मग दिवासुद्धा. दुकान बंद केलं त्या दिवशी मास्तरांनी उरलेल्या सगळ्या रिळांचे दोरे एकत्र करून त्यांचा चार पदरी पीळ वळला, त्याला मेण लावलं आणि मागच्या पायरीच्या खांबापासून बागेच्या टोकाच्या चाफ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर नेऊन बांधला. बाई म्हणाल्या, जन्मभर दोरा ओढलात, अजून हौस फिटली नाही का? मास्तर म्हणाले, दोरा नको तर काय तुझा पदर धरून फिरू?

दोऱ्याला गाठी होत्या. एक गाठ लागली की जास्वंद, दोन लागल्या की अनंत, तीन म्हणजे दोऱ्यावरच रेललेलं कृष्णकमळ, चार म्हणजे सोनटक्का आणि त्याच्या बुडाशी बेडकांचं टाकं. रोज चहा झाला की मास्तर दोऱ्यावर दोन बोटं ठेवून निघत. जास्वंदीची फुलं देठावरून मोजत, पाकळीला धक्का लागू देत नसत. सूर्यपक्षी मध खायला आला की पंखांच्या फुरफुरीवरून ओळखत आणि तो जाईपर्यंत खोकलासुद्धा दाबून धरत. एका शिंपी पक्ष्याने अंजिराच्या दोन पानांना टाके घालून घरटं केलं होतं. पिल्लं उडून गेल्यावर मास्तरांनी ते रिकामं घरटं बोटांनी तपासून निकाल दिला, की टाके लांब पडलेत, पण कारागीर मेहनती आहे. डोळे होते तेव्हा या माणसाने बागेत पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा सवड कुणाला होती! आता ती पन्नास पावलांची जागा म्हणजे त्यांचा सगळा मुलूख होता.

आणि तो मुलूख रविवारनंतर राहतो की जातो, हे लेकीच्या हातात होतं.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर पायरीवरून घसरले, गुडघा फुटला. नर्सबाईंनी भल्यासाठी म्हणून ते लेकीला फोनवर सांगितलं. लेक आली ती येण्याचं एक आणि जाण्याची तीन तिकिटं घेऊन. तिचं घर दुसऱ्या शहरात, आठव्या मजल्यावर. वडिलांसाठी तिने न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले होते, आईसाठी बाल्कनीत दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या. मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. आल्याबरोबर तिने आवाज न चढवता सांगून टाकलं, की शनिवारपर्यंत मी बघते. सगळं नीट दिसलं तर दोन तिकिटं परत करते. पण एक जरी गोष्ट बघून माझ्या पोटात गोळा आला, तर रविवारी तुम्ही दोघं माझ्याबरोबर यायचं, मग रडायचं नाही आणि भांडायचं नाही.

मास्तर नुसते "बरं" म्हणाले आणि उठून आत गेले. जाताना त्यांनी दाराची चौकट चाचपली. या घरात त्यांना चौकट चाचपावी लागलेली बाईंनी पहिल्यांदाच पाहिली.

म्हणून बटणं. खरं तर बटणांचा हा उद्योग चार महिन्यांपासून चालू होता, पाहुणा पहिल्यांदा दिसला तेव्हापासून. साप पकडणाऱ्याला बोलवावं तर गल्ली गोळा होणार आणि नर्सबाई फोन उचलणार. मास्तरांना सांगावं तर ते एकतर बाग सोडून खुर्चीत बसणार, नाहीतर भीत भीत हात पुढे करणार, आणि भ्यालेला हात नको तिथेच पडतो. बाईंनी तोंड शिवून घेतलं. रोज चहाआधी स्वतः जायचं, तिसऱ्या गाठीपाशी वेल निरखायचा. पाहुणा नसेल तर मास्तरांना जाऊ द्यायचं. असेल तर एक बटण कापायचं आणि म्हणायचं, अहो, एवढं लावून द्या ना. बोटांच्या अंदाजाने बटण लावायला मास्तरांना पाऊण तास लागे. तेवढ्यात ऊन वेलावर चढे आणि पाहुणा गारव्याला खाली सोनटक्क्यात उतरे.

बाकीच्या दिवशी मास्तर मोकळे. कधी कधी ते दुसऱ्या गाठीपाशीच रेंगाळत, पुढे जायचं नाव घेत नसत. विचारलं तर म्हणत, अनंताचा वास घेतोय. झाडावर एक फूल नसलं तरी तेच म्हणत. बाई मनात म्हणत, म्हातारपण, दुसरं काय!

त्या सकाळी, म्हणजे शुक्रवारी, बटणाने काम केलं. लेकीने वडिलांना बटण लावताना पाहिलं आणि कौतुकाने फोटो काढला. दुपारी मात्र ती एकटी बागेत गेली आणि दोऱ्याला हात लावून उभी राहिली. दोरा जुना झाला होता, मधे झोळ पडला होता, एका जागी दोन पदर तुटून त्याच्या मिशा झाल्या होत्या. संध्याकाळी लेक बाजारात जाऊन आली.

शनिवारी बाई उठल्या तर लेक त्यांच्याआधी उठलेली, चहा तयार, आणि पाय चिखलाचे. बाईंनी बागेकडे जायला चप्पल घातली, तर लेकीने दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. तुम्हाला नेलंच तर कुठले कपडे न्यायचे, तेवढं वेगळं काढून ठेव म्हणाली. नुसतं काढून ठेव. बाई म्हणाल्या, दोन मिनिटांत आले. लेक म्हणाली, आई, एक दिवस तरी मला करू दे. त्यात एवढी माया होती की बाईंना हात सोडवून घेता येईना.

अर्धं कपाट पलंगावर आलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की पुढच्या खोलीत मास्तरांचा आवाज नाही. त्या स्वयंपाकघरात आल्या. केराच्या डब्यात, चहाच्या चोथ्यावर, दोऱ्याचं वेटोळं पडलं होतं. मेणाचा वास येत होता.

मागून लेकीचा आवाज आला, "या बाबा, या. बिनधास्त या."

बाई मागच्या दारात पोचल्या. खांबापासून चाफ्यापर्यंत हिरवी प्लॅस्टिकची दोरी ताणलेली होती, कपडे वाळत घालायची, करंगळीएवढी जाड, तारेसारखी ताठ. लेक चाफ्यापाशी उभी राहून लहान मुलाला चालायला शिकवावं तसे हात पुढे करून वडिलांना बोलवत होती. गाठी तिने मोजून बरोबर बांधल्या होत्या, त्यात कसूर नव्हती. आणि मास्तर चालत होते. रोजच्यासारखे नव्हे, भराभर. लेकीला दाखवायचं होतं ना, की बाप अजून चालतो. दोन बोटं नव्हे, अख्खी मूठ दोरीवरून सरकत होती.

शिंपी पक्षी अंजिरावर बसून एकसारखा ओरडत होता. बाईंनी तिसऱ्या गाठीकडे पाहिलं. दोरी हिरवी, वेल हिरवा, कळत नव्हतं. मग दोरीचा एक तुकडा दोरीपेक्षा जाड दिसला. पाहुणा वेलावरून अर्धा दोरीवर कलंडला होता आणि डोकं मास्तरांच्या बाजूला होतं.

मास्तर अनंताशी आले. थांबले नाहीत.

बाईंच्या घशापर्यंत किंकाळी आली होती. आणि तिथे ती एक श्वासभर अडली. ओरडले तर लेक बघणार, लेक बघेल तर उद्या तिकिटं, तिकिटं म्हणजे बाग गेली आणि बागेमागे हा माणूसही गेला. एक श्वास. त्या श्वासाची लाज बाईंना पुढे कायम वाटत राहिली आणि ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

मग दुसराच विचार आला आणि तो खरा होता. ओरडलं तर हे दचकणार, काय झालं म्हणून वळणार आणि तोल सावरायला दोरी घट्ट धरणार, नेमकी पुढची.

फुलं तोडायची कात्री खिडकीच्या कठड्यावर होती. बाईंनी ती उचलली आणि पायरीच्या दगडावर दोनदा आपटली. टक, टक.

दुकानात मोठं कापड कापताना बाई दुसरं टोक धरून उभ्या राहायच्या. खाली घडी पडली, कापड सरकलं, की तोंडाने सांगेपर्यंत कात्री पुढे जायची आणि गिऱ्हाइकाचं कापड वाया जायचं. म्हणून त्या हातातली छोटी कात्री टेबलावर दोनदा आपटायच्या. मास्तरांचा हात जिथे असेल तिथे दगड व्हायचा. मग ज्या वाटेने कात्री गेली त्याच वाटेने ती मागे यायची, आणि मगच विचारायचं, काय झालं ते. दुकान बंद झाल्यापासून ती खूण कुणी केली नव्हती.

मास्तरांची मूठ थांबली. मूठ आणि त्या तिकोनी डोक्यामधे चार बोटांचं अंतर होतं.

"काय झालं बाबा? चला ना," लेक म्हणाली.

"थांब," मास्तर म्हणाले. "तुझ्या आईने टक केलंय."

हालचाल नव्हती. पक्षी ओरडत होता. पाहुण्याने मान थोडी मागे घेतली, इंग्रजी एस अक्षरासारखी, आणि बाईंना कळलं की हा आता मागे हटत नाहीये, तयारीत बसलाय. त्यांनी आणखी एकदा टक करायला कात्री उचलली आणि तशीच धरून ठेवली. मास्तरांची बोटं दोरीवरून सुटली नाहीत. ती आल्या वाटेने मागे सरकायला लागली, रेसभर, मग आणखी रेसभर, जशी रेशमाच्या कापडातून कात्री मागे घ्यायची तशी. दुसऱ्या गाठीपर्यंत आली. मग पहिल्या. मग बाईंनी त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

लेक काय आहे ते बघायला दोरीच्या कडेने येत होती. "लांबून ये," बाई म्हणाल्या. "कुंपणाकडून. दोरीला हात लावू नकोस." लेक कुंपणाकडून आली, वळून पाहिलं, आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. तिने तोंडावर हात धरला आणि ओल्या मातीत खाली बसली.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. चार महिने, रोजची पाहणी, बटणं. सांगताना लेकीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेच पाहत बोलल्या. मास्तर ऐकत होते आणि अंगठ्याने दोन बोटांची टोकं चोळत होते, जणू ती बधिर झाली होती.

"तिसऱ्या गाठीवर ना?" ते म्हणाले. "आज मला कळलंच नाही. ही दोरी काही सांगतच नाही."

बाईंना कळेना. मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या दोऱ्याला झोळ होता तो मुद्दाम ठेवलेला होता. सरडा बसला तरी दोरा बोटाखाली थोडा उतरायचा. पाहुणा बसला की चांगला जड व्हायचा. मग ते अनंताखाली थांबत, वास घेत. ऊन चढून दोरा हलका झाला की पुढे निघत.

"म्हणजे मी बघून यायचे, नाही असं समजायचे, तेव्हासुद्धा तो असायचा?"

"पुष्कळदा," मास्तर म्हणाले. "हिरव्यात हिरवा. तुझा काय दोष!"

चार महिने आपण राखण करतोय या समजुतीवर बाई झोपल्या होत्या, आणि राखण बोटं करत होती. त्यांनी रागाने विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? मास्तर म्हणाले, तू घाबरली असतीस, आणि तू घाबरलीस की नर्सबाईंना कळतं. शिवाय तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांची तुटली नाहीत तेवढी बटणं माझी चार महिन्यांत तुटली. आणि प्रत्येक वेळी टाके कात्रीने उचललेले. बटण तुटतं तेव्हा दोरा फाटतो, एवढं मला कळत नाही का?

दुसरा कुठलाही दिवस असता तर बाई हसल्या असत्या. मातीत बसलेल्या लेकीचा चेहरा त्यांना हसू देईना.

"तुम्हा दोघांनाही माहीत होतं," लेक म्हणाली. "मला सोडून."

"सांगितलं असतं तर तू नेलं असतंस," बाई म्हणाल्या.

लेक ताठ हिरव्या दोरीकडे पाहत होती. ती बोलली, ते आईशी नव्हे आणि वडिलांशीही नव्हे. "दोरी मी बांधली. पहाटे त्या वेलातूनच ओवली. आणि मीच त्यांना हाका मारत होते, बिनधास्त या म्हणून."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. हात हवेत राहिला, मग लेकीने तो धरला. पलंगावरचे कपडे घडी न करता तसेच राहिले. दुपारी ऊन चढून पाहुणा खाली उतरल्यावर लेकीने हिरवी दोरी कापून काढली. मग केराच्या डब्यातून जुना दोरा काढला, धुतला आणि वडिलांपुढे ठेवला. तुटलेले दोन पदर मास्तरांनी वळून सांधले आणि तिने मेण लावलं. तिसऱ्या गाठीपाशी वेल थोडा छाटू का, असं तिने विचारलं. मास्तर म्हणाले, नको, त्याची जागा बदलली तर मला परत शोधावा लागेल. बांधताना ते खांबाशी बसून सांगत राहिले: सैल सोड, आणखी सैल, झोळ पडू दे.

गाडी रविवारी संध्याकाळची होती. सकाळी चहा झाल्यावर मास्तर उठले आणि दोऱ्यावर दोन बोटं ठेवून निघाले. बाई बागेत आधी जाऊन आल्या नव्हत्या. लेकीने जाऊ दिलं नव्हतं, आणि या वेळी कपाटासाठी नव्हे. ती पायरीवर खांबाला टेकून बसली होती, दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरून, डोळे घट्ट मिटून.

जास्वंद झाली. पाच, मास्तर म्हणाले. अनंत आला. मास्तर थांबले.

"आहे," ते हळूच म्हणाले.

लेकीचा श्वास थांबलेला बाईंना ऐकू आला. चहा निवत होता. टाक्याकडे एक बेडूक दोनदा बोलला आणि गप्प झाला. बाईंनी वेलाकडे पाहिलं नाही, पाहून त्यांना कुठे दिसत होतं! त्या लेकीच्या बोटांकडे पाहत होत्या. बोटं पांढरी पडली होती, पण दोरा आवळत नव्हती. ऊन कुंपणावरून अंजिरावर आलं, अंजिरावरून वेलावर. मास्तर फुलं नसलेल्या अनंताखाली मान वर करून उभे होते. त्यांनाही घाई नव्हती आणि त्यालाही नव्हती.

"उतरला," लेक म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

त्याच क्षणी मास्तरांनी पाऊल उचललं. तिसऱ्या गाठीवरून त्यांची बोटं गेली, कृष्णकमळाच्या एका फुलाखाली अलगद थांबली आणि पुढे सरकली.

लेकीने दोऱ्याचं टोक सोडलं नाही. "आई," ती म्हणाली, "पोटात गोळा आहेच. तो आता राहणार. तू माझ्या पिशवीतली दोन तिकिटं काढून ठेव, जाताना स्टेशनवर परत करते."